माझ्या पाठीवरचे पेढे

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी काही मोठ्या मनाची नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की फार सोशिक होतात आणि सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, वाजवायची. शहरात मला हार्मोनियम म्हणतात. मुरगूडजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात माझं आयुष्य गेलं आणि त्यातली बरीच वर्षं जळण्यात गेली. कुणावर जळले आणि का जळले, तेच आता सांगते.

माझा जन्म कोल्हापूरचा, १९९१ सालचा. आकाराम मिस्त्री नावाच्या कारागिरानं मला चांगल्या जुन्या सागवानातून घडवलं. माझे सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभा, पालिताण्याहून मागवले होते. मिस्त्री फार बोलायचे नाहीत, पण पेटी न्यायला येणाऱ्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगायचे. पेटीच्या पाठीवर काही ठेवायचं नाही. चहाचा कप नाही, फुलदाणी नाही आणि गोडधोड तर अजिबात नाही. गोडाच्या वासानं उंदीर येतो आणि एकदा आला की भात्याचं कातडं सोडत नाही. हायस्कुलाचा शिपाई जोतीराम मला न्यायला आला होता. त्यानं मान डोलावली आणि वडगावच्या बाजारातून कोंबडी न्यावी तशी मला काखेत मारून एसटीत चढला.

शाळेत मला वाजवता येणारं कुणी नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी चित्रकलेचे गुरुजी माझी एक पट्टी दाबून धरायचे आणि मुलं आपापल्या सुरात ओरडायची. माझ्यासारख्या पेटीनं एकाच पट्टीवर दिवस काढायचे, हे काही जगणं नव्हे. मग १९९४ साली निशाबाई आल्या.

निशाबाई त्याच गावच्या. त्यांचे वडील बाळासो गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगावची मंडळी त्यांना बोलावून न्यायची. लेकीची बोटं त्यांनीच घडवली. पुढं तिनं एसटीनं कोल्हापूरला जाऊन संगीत विशारदची परीक्षा दिली. पहिल्या दिवशी निशाबाईंनी माझं झाकण उघडण्याआधी पदराला हात पुसले. मग भाता हलवला आणि माझ्या सगळ्या पट्ट्यांवरून एकदा बोटं फिरवली. मला वाटलं, मिस्त्रींच्या हातून सुटल्यापासून आज पहिल्यांदा कुणीतरी मला माझं नाव विचारलं.

त्या मानधनावर होत्या. मानधन म्हणजे संस्थेच्या मर्जीनं मिळेल तेवढं, मिळेल तेव्हा. संस्थेचे चेअरमन होते हंबीरराव. मोठा आवाज, पांढरी टोपी, गावात कुणाच्याही दारात हक्कानं चहा मागणारा माणूस. ते निशाबाईंना म्हणाले होते, "आत्ता अशाच या, बाई. सरकारकडनं संगीताची जागा मंजूर होऊ दे, पहिली ऑर्डर तुमचीच. तुम्ही आमच्याच की."

या एका वाक्यावर निशाबाईंनी वर्षामागून वर्षं काढली. पावसाळ्यात आवाज बसलेल्या पोरांसाठी त्या माझी पट्टी खाली घ्यायच्या. पोरांना वर ओढायचं नाही, आपण खाली यायचं, असं म्हणायच्या. त्यांच्या हाताखाली मुलं तालुक्याच्या समूहगान स्पर्धेत दोनदा पहिली आली. मधे कोल्हापूरच्या एका संगीत वर्गानं त्यांना बोलावलं होतं. पगार बरा होता, राहायची सोयही होती. त्या गेल्या नाहीत. इथली जागा मंजूर होणार होती ना! खरं सांगते, तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या दुसऱ्या पेटीला हात लावणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

२००३ च्या जून महिन्यात जागा मंजूर झाली.

मुलाखती मुख्याध्यापकांच्या खोलीत होत्या. मुख्याध्यापक पंचाक्षरी सर सीमेकडचे, स्वभावानं भले, पण चेअरमनसमोर त्यांना ठसका यायचा आणि मग ते पाणीच पीत बसायचे. मला सकाळीच तिथं टेबलावर नेऊन ठेवलं होतं. निशाबाईंची वाट बघत मी अगदी नटून बसले होते म्हणा ना. जोतीरामनं मला ओल्या फडक्यानं पुसलं होतं. थोड्या वेळानं तोच जोतीराम हातात पेढ्यांचा भला मोठा पुडा घेऊन आत आला. टेबलावर चहाच्या कपांची गर्दी होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि पुडा माझ्या पाठीवर ठेवला. मिस्त्रींचं बजावणं तो केव्हाच विसरला होता. सरांनी विचारलं, एवढे पेढे कशाचे? जोतीराम म्हणाला, चेअरमनसाहेबांच्या घरनं आल्यात, ऑर्डर निघाली की वाटायच्यात.

मला वाटलं, किती चांगली माणसं ही. आमच्या बाईंसाठी आधीच पेढे आणून ठेवले.

निशाबाई आत आल्या. मला वाजवायचं तर पुडा उचलायला हवा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून सरांच्या पुढ्यात ठेवला आणि हसून विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का? सरांना ठसका आला. बाईंनी भूप सुरू केला. संध्याकाळचा भूप सकाळी गातात का, असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. त्यांच्या वडिलांना तो आवडायचा म्हणून त्यांनी तो निवडला होता. एक सभासद घड्याळ बघत होते. दुसऱ्यांनी मधेच विचारलं, हळदीकुंकवाची गाणी येतात का? अंतऱ्यावर यायच्या आत हंबीररावांनी हात वर केला आणि म्हणाले, बास, तुमचं आम्हाला ठाऊकच हाय.

मग दुसरी उमेदवार आत आली. साक्षी, हंबीररावांची धाकटी सून. शिरोळकडची मुलगी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरी गाण्याच्या एकदोन परीक्षा दिलेल्या. तिच्यामागून जोतीराम एक लांबलचक, काळं, चकचकीत यंत्र घेऊन आला. तो कीबोर्ड होता, तिच्या भावानं पुण्याहून आणलेला. त्याची वायर भिंतीत खोचली. साक्षीनं एक बटण दाबलं आणि खोलीत तबला, बासरी, व्हायोलिन सगळं एकदम सुरू झालं. तिची बोटं पट्ट्यांवरून फिरत होती. सभासद माना हलवायला लागले. मधेच तिचा पदर खांद्यावरून घसरला. तो सावरायला तिनं दोन्ही हात उचलले, तरी गाणं चालूच राहिलं. ते मी बघितलं आणि पंचाक्षरी सरांनी बघितलं. सर पाणी प्यायले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मी जळायला लागले ती आजतागायत. मला एक सूर काढायचा तर एका हातानं भाता हलवावा लागतो, दुसऱ्या हाताला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. आणि ह्या काळ्या फळकुटाला नुसतं एक बोट पुरलं. वाजवणाऱ्याचे हात हवेत, तरी वाहवा त्याचीच.

साक्षीच्या नेमणुकीची ऑर्डर दुपारी निघाली. जोतीरामनं तोच पुडा फोडला आणि व्हरांड्यात सगळ्यांना पेढे वाटले. निशाबाईंच्याही हातावर एक ठेवला. त्यांनी पुड्याकडं बघितलं. सकाळी स्वतःच्या हातांनी उचलला होता, ओळखू येणारच. त्या मागं वळल्या. आत आल्या, माझं झाकण नीट बंद केलं, पेढा माझ्या पाठीवर ठेवला आणि निघून गेल्या. चिडलेलं माणूस काय ठेवतं, कुठं ठेवतं, त्याला कुठं कळतं? त्यांच्यावर माझा राग नाही. पण उंदीर आला तो त्या पेढ्यामागूनच.

त्यानंतर माझे दिवस फिरले. शाळेत आता साक्षी मॅडम होत्या. निशाबाईंना पोरं बाई म्हणायची, हिला पहिल्या दिवसापासून मॅडम. कीबोर्डला मुख्याध्यापकांच्या कपाटात जागा मिळाली, वर मखमलीचा तुकडा. मी खेळाच्या खोलीत गेले, लेझीम आणि फुटबॉलच्या शेजारी. खंडेनवमीला शाळेतल्या सगळ्या वस्तूंची पूजा व्हायची. प्रयोगशाळेतल्या तराजूला हळदकुंकू लागलं, घंटेला लागलं, कीबोर्डला तर झेंडूची माळ पडली. जोतीराम हार घेऊन माझ्या समोरून पुढं गेला. लेझमांनासुद्धा फूल मिळालं, मला नाही. रडता येत नाही म्हणून पेटी रडत नाही, नाहीतर त्या दिवशी मी सगळ्या शाळेला ऐकवलं असतं.

निशाबाई घरी शिकवण्या घेऊ लागल्या होत्या. शाळेवरून त्यांचा बाजाराचा रस्ता होता. प्रार्थनेच्या वेळी तिथून जाताना त्या पाय उचलून चालायच्या. खिडकीतून मी बघायचे. त्या कधीच आत बघायच्या नाहीत.

असं करता करता २००६ चा सव्वीस जानेवारी आला. ते लोडशेडिंगचे दिवस. झेंडावंदनाच्या ऐन वेळी वीज गेली. कीबोर्ड सेल घालूनही वाजवता येतो, पण त्याचे सेल जोतीरामनं रात्री शेताला पाणी पाजायची पाळी होती म्हणून हातबॅटरीत घातले होते. सगळं गाव मैदानात जमलेलं, हंबीरराव झेंड्याखाली उभे. कुणीतरी म्हणालं, ती जुनी पेटी आहे की. मला धुळीतून उचललं तेव्हा माझा आनंद काय सांगू! आता दाखवते, म्हटलं, त्या फळकुटाला. आता ऐकू दे सगळ्या गावाला.

साक्षीनं भाता हलवला. भात्याला उंदरानं केव्हाच भगदाड पाडलं होतं. नुसता फुस्स आवाज आला. तिनं जोर लावला तेव्हा एक पट्टी खाली अडकून बसली आणि माझ्या तोंडून एकच सूर निघायला लागला, म्हशीनं हंबरडा फोडावा तसा. भाता थांबवला की थांबायचा, हलवला की पुन्हा सुरू. पोरं हसायला लागली. मग मोठी माणसं हसली. अडकलेली पट्टी नखानं वर उचलायची असते, एवढंच. साक्षीला ते कुणी सांगितलं नव्हतं. हंबीरराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बंद कर की ते. एवढंबी येत न्हाय?"

मला वाटलं होतं, साक्षीची फजिती बघून माझा जीव निवेल. तसं झालं नाही, कारण फजिती माझीही झाली होती.

दोनचार दिवसांनी साक्षीनं मला चादरीत गुंडाळलं, तिच्या स्कुटीवर पायाशी ठेवलं आणि उसातल्या पाणंदीनं, कुणाला दिसणार नाही अशी, निशाबाईंच्या दारात नेलं. समाजमंदिराच्या मागं त्यांचं घर. निशाबाई तांदूळ निवडत होत्या. साक्षी उभ्या उभ्याच बोलायला लागली. म्हणाली की मला शिकवा. ही नोकरी मी मागितली नव्हती, मामंजी म्हणाले, घरात बसून काय करतीयस, जागा हाय तर बस जा. रोज सकाळी प्रार्थनेला मी मान खाली घालते. पोरांना कळतं की मी नुसतं बटण दाबते.

निशाबाईंनी तिला बसायला सांगितलं नाही. सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मला राग येत न्हाय, मॅडम. राग केलता तो संपला. मला जळायला हुतंय. शाळेची घंटा झाली की इथं बसल्या जागी जळायला हुतंय. नोकरी तुमची, पगार तुमचा, आणि आता विद्याबी माझीच पायजे तुम्हाला?"

माझ्या मनातलं बाई बोलल्या होत्या. मला वाटलं, आता हिला हाकलतील आणि मला ठेवून घेतील.

त्यांनी मलाही ठेवून घेतलं नाही. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "पाणंदीनं चोरून आलेल्याला मी शिकवत न्हाय. शिकायचं असंल तर गाडी घरात ठेवा. पेटी हातात घ्या आणि वरच्या वेशीतनं, चावडीपुढनं चालत या. कुणी विचारलं तर कुठं चाललाय ते सांगायचं. मग शिकवतो."

मित्रांनो, चेअरमनच्या सुनेनं गावातून पेटी हातात घेऊन चालत यायचं आणि मला वाजवायला येत नाही हे सांगायचं, म्हणजे नोकरी कशी मिळाली ते सगळ्या गावाला सांगण्यासारखंच होतं. मी परत चादरीत गेले. मला खात्री होती की ती येणार नाही.

ती रविवारी आली. पेटीचं वजन काय असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. दूध डेअरीच्या कट्ट्यापर्यंत येईतोवर तिचे हात भरून आले आणि तिनं मला खाली ठेवलं. डेअरीवरच्या बायकांनी विचारलं, सूनबाई, कुठं? ती म्हणाली, निशाबाईंकडं, शिकायला. पुढं पिठाच्या गिरणीपाशी ठेवलं, तिथंही तेच विचारलं, तिनं तेच सांगितलं. तिचा आवाज आधी बारीक होता, मग जरा सुटला. चावडीपुढं स्वतः हंबीरराव चार माणसांत बसले होते. ते उठून आले. दबक्या आवाजात म्हणाले, पेटी जोतीराम पोचवील की, तू कशाला चाललीयस?

साक्षीनं मला छातीशी धरलं होतं. तिनं मला खाली ठेवलं नाही.

"जोतीरामला शिकायचं न्हाय, मामंजी," ती म्हणाली. "मला शिकायचं हाय."

चावडीवरची चारही माणसं आपापल्या पायांकडं बघायला लागली. हंबीररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाजूला झाले.

निशाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला तिच्या हातांतून घेतलं, आत नेलं आणि चटईवर ठेवलं. बाळासोंनी माझा भाता उघडून बघितला आणि उंदराला एक सणसणीत शिवी दिली. मग दोघा बापलेकींनी बसून मला नवं कातडं चिकटवलं. नवं कातडं घट्ट बसेना, तेव्हा निशाबाईंनी आपल्या हातांनी ते दाबून धरलं, चांगलं घटकाभर. त्या स्पर्शासाठी मी किती तळमळले होते!

पण माझ्या नशिबी सुख सरळ येत नाही. शिकवणी सुरू झाली तेव्हा निशाबाईंनी पुढ्यात वडिलांची पेटी घेतली. मी आले साक्षीच्या वाट्याला. समोर ती म्हातारी पेटी बाईंच्या बोटांखाली गात होती आणि मी ह्या मुलीच्या चुका सोसत होते. त्या म्हातारीवर जळत जळत मी सूर दिला. दर रविवारी दिला. रविवारी साक्षी मला चालतच न्यायची. गावाला सवय झाली, विचारायचे थांबले.

गोष्टीत शेवटी ज्याचं त्याला मिळतं. इथं तसं झालं नाही. नोकरी साक्षीचीच राहिली, पगार तिच्याच घरी गेला. निशाबाईंच्या शिकवण्या वाढल्या, एवढंच.

तिसऱ्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला साक्षीनं स्टेजवर माझ्यावर भूप वाजवला. यंत्र नव्हतं, बटण नव्हतं. अंतऱ्यात एकदा चुकली, थांबली, पुन्हा धरला. ती जे वाजवत होती, ते तीच वाजवत होती. टाळ्या झाल्या. हंबीररावांना कोण आनंद! त्यांनी जोतीरामला पेढे आणायला पिटाळलं. पुडा आला. जोतीरामनं इकडंतिकडं बघितलं आणि सवयीनं माझ्या पाठीवर ठेवायला गेला.

"तिथं नको," साक्षी म्हणाली. तिनं पुडा घेतला, स्टेजवरून उतरली आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या निशाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. पहिला पेढा तुम्ही घ्या, म्हणाली.

निशाबाईंनी पेढा उचलला. मधोमध मोडला. एक अर्धा तोंडात टाकला आणि दुसरा साक्षीच्या हातावर परत ठेवला.

"वाजवलंस त्याचा खाल्ला," त्या म्हणाल्या. "ह्यो उरलेला नोकरीचा हाय. ह्यो मला गोड लागायचा न्हाय."

साक्षीनं तो अर्धा पेढा मुठीत धरला. खाल्ला नाही, टाकलाही नाही.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. मी अजून जळते. कीबोर्डवर जळते, त्या म्हातारीवर जळते, आणि निशाबाईंच्या पोटात गेलेल्या त्या अर्ध्या पेढ्यावरसुद्धा जळते. तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी पेटी कोपऱ्यात पडलेली असेल तर तिचं झाकण बंद ठेवा, भाता अधूनमधून हलवा, पाठीवर काही ठेवू नका. आणि उद्या मोठे व्हाल, एखाद्या कमिटीत खुर्ची टाकून बसाल, समोर कुणीतरी पदराला हात पुसून वाजवायला बसेल. तिचा अंतरा पुरा होऊ द्या. तोवर पेढे दुकानातच राहू देत.